घारापुरी एका दिवसात : आई-बाबांना घेऊन कसं जावं?

रानजाई
नमस्कार मंडळी. संक्रांत झाली की आई-बाबा वर्ध्याहून आमच्याकडे डोंबिवलीला येताहेत. आई एकोणतीस वर्षं चित्रकलेची शिक्षिका होती. तिच्या वर्गाच्या भिंतीवर घारापुरीच्या (एलिफंटाच्या) लेण्यांतल्या महेशमूर्तीचा, म्हणजे शिवाच्या तीन चेहऱ्यांच्या मूर्तीचा, एक मोठा फोटो होता, त्यावरून तिने कितीतरी मुलांना छायाप्रकाश शिकवला. मूर्ती मात्र तिने आजवर पाहिलेली नाही. मुंबईला चार-पाचदा आली, पण दर वेळी कुणाचं तरी लग्न नाहीतर दवाखाना. या वेळी घारापुरी झाल्याशिवाय तिला परत पाठवायचं नाही असं मी ठरवलंय.

आईचं वय ७१, बाबांचं ७६. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. काठी घेऊन सपाटीवर अर्धा तास चालतात, पायऱ्यांना वेळ लागतो. सोबत मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. मी कॉलेजात असताना एका रविवारी गेले होते, तेव्हाची गर्दी आणि माकडं एवढंच आठवतं.

कोणत्या वारी जावं, कितीची लाँच धरावी, पायऱ्यांचं कसं करावं, जेवायचं कुठे, सगळंच सांगा. आणखी एक. डिसेंबर २०२४ चा लाँचचा अपघात आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला होता. आई काही बोलत नाही, पण बाबांचं दोनदा विचारून झालंय. तुम्ही तुमच्या आईवडिलांना न्याल का?

खडीसाखर
सोमवार सोडून कुठलाही वार. सोमवारी लेणी बंद असतात. शनिवार-रविवार आणि सुट्टीचे दिवसही टाळा. मंगळवार ते गुरुवार उत्तम.

पाऊलवाट
आम्ही गेल्या वर्षी सासूबाईंना (७३) नेलं होतं. गेटवेहून पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते, मग भरतील तशा अर्ध्या-अर्ध्या तासाने. पोचायला एक तास धरा. जाऊन-येऊन तिकीट अडीचशे-तीनशेच्या घरात होतं, वरच्या डेकवर बसायचं तर थोडे जास्त देतात. परतीचं तिकीट जपून ठेवा, तेच दाखवून परतीच्या लाँचमध्ये बसता येतं. बेटावर उतरल्यावर ग्रामपंचायतीचा किरकोळ कर, आणि वर लेण्यांचं तिकीट माणशी ४० रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही.

धक्का लांबलचक आहे, चालत दहा-बारा मिनिटं. तिथे छोटी झुकझुकगाडी असते, तिच्यात बाबांना आणि मुलाला बसवा. पुढे पायऱ्या. सव्वाशेच्या आसपास आहेत, पण उंच नाहीत, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्री, त्यामुळे ऊन लागत नाही. सासूबाई तीन ठिकाणी बसत-बसत चढल्या. डोलीवालेही असतात. भाव चढण्याआधी ठरवा, आणि जाऊन-येऊन की एकाच बाजूचा हेही तेव्हाच बोलून घ्या.

परसदार
माझं मत थोडं वेगळं आहे. दोन तास लाँच, एक तास चढ-उतार, आणि बघायला मिळतं ते एक मोठं लेणं, त्यातही बहुतेक मूर्तींचे हातपाय तुटलेले. वर्ध्याहून येणाऱ्या माणसाला शिल्पच बघायचं असेल तर वेरूळ सोयीचं, वाटेवर, गाडी दारापर्यंत जाते. आईवडिलांच्या वयाला समुद्र, ऊन, पायऱ्या हा खटाटोप कशाला?

कातळवेडा
परसदार, वेरूळबद्दल माझ्याही मनात प्रेमच आहे, कैलासासमोर मी दर दोन वर्षांनी जाऊन उभा राहतो. पण महेशमूर्तीची जागा वेरूळ घेऊ शकत नाही. सहाव्या शतकाच्या मध्यावर, बहुधा कलचुरींच्या काळात, एका बेटावरच्या काळ्या कातळात आत शिरून कोरलेली ही सुमारे वीस फुटांची मूर्ती, आणि तीही फक्त छातीपर्यंतची. उरलेला देव कातळातच आहे असं वाटत राहतं. हातपाय तुटलेत हे खरं, आणि पोर्तुगीज काळात बरीच नासधूस झाली हेही खरं. पण ही मूर्ती मागच्या भिंतीत खोल आहे आणि बऱ्यापैकी शाबूत आहे.

रानजाई, आई चित्रकार आहेत म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मुख्य दरवाजा उत्तरेला आहे. आत गेलात की सरळ समोर, दक्षिणेच्या भिंतीत महेशमूर्ती. उजेड उत्तरेकडून तर येतोच, शिवाय पूर्व आणि पश्चिम दोन्ही बाजू अंगणांनी मोकळ्या आहेत. म्हणून सकाळी पूर्वेकडचे शिल्पपट जास्त उजळतात (कैलास हलवणारा रावण, सारीपाट खेळणारे शिव-पार्वती) आणि दुपारनंतर पश्चिमेकडचे (कल्याणसुंदर म्हणजे शिव-पार्वतीचं लग्न, अंधकासुरवध). महेशमूर्तीवर थेट ऊन पडत नाही, मऊ उजेड पडतो, आणि दिवसभरात तो सरकत जातो. आईंना तिथे घाई करू नका. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होण्यातच जातात, आणि बरेच लोक नेमके त्याच दहा मिनिटांत फोटो काढून परत फिरतात.

महेशमूर्तीच्या डावीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे, अर्धनारीश्वर आहे आणि उजवीकडे गंगाधर. हे तीन पट एका जागी उभं राहून मान वळवून बघायचे.

चिंचपेटी
आम्ही लहानपणापासून तिला त्रिमूर्तीच म्हणत आलो. एमटीडीसीच्या चिन्हावरही तीच आहे ना?

कातळवेडा
हो, चिन्हावर तीच आहे. पण ब्रह्मा-विष्णू-महेश असा अर्थ इथे बसत नाही. तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत. मधला शांत तत्पुरुष. आपल्या डावीकडचा अघोर, मिशा, कपाळावर आठ्या, हातात साप. उजवीकडचा वामदेव, स्त्रीसारखा नाजूक, हातात कमळ. मागचा चौथा चेहरा कातळात आहे असं मानायचं, आणि पाचवा वर. म्हणून सदाशिव किंवा महेशमूर्ती. गावात मात्र त्रिमूर्ती म्हटलं तरी कुणी रागावत नाही.

ओसरी
जंजिऱ्याचा विचार केला का? राजपुरीहून शिडाच्या होडीत बसून जायचं, वाऱ्यावर. माझ्या मुलांना लाँचपेक्षा तेच फार आवडलं.

पाऊलवाट
ओसरी, मुलांना हो. पण जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडी वरखाली होत असताना पायरीवर पाय टाकावा लागतो. काठीवाल्या माणसाला मी ते सुचवणार नाही. त्यांच्यासाठी गोव्याचं दिवाडी बेट बघा, जुन्या गोव्याहून फेरीबोट, गाडीसकट चढता येतं, पाच-दहा मिनिटांत पलीकडे.

ओसरी
खरंय, तो पाय टाकायचा क्षण मी विसरलोच होतो. घारापुरीच बरी.

चांगी_पॉइंट
सिंगापूरहून लिहितेय. इथे आमचं मराठी मंडळ दर वर्षी पुलाऊ उबिनला जातं, म्हणून राहवलं नाही. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर छोटी लाकडी बोट, बारा माणसं झाली की सुटते, दहा-पंधरा मिनिटांत बेट. तिकडे भाड्याच्या सायकली, जुन्या ग्रॅनाइटच्या खाणींत साठलेलं पाणी, आणि चेक जावाला खारफुटीतून जाणारी लाकडी वाट. माझ्या सासऱ्यांना (मूळ श्रीवर्धनचे) तिथला चिखल आणि तिवरं बघून गाव आठवलं होतं.

तिथे आम्ही जे शिकलो ते सांगते. वयस्कर माणसांबरोबर बेटावर जाताना परतीची शेवटची बोट धरायचीच नाही. शेवटच्या बोटीच्या आधीची, किंवा तिच्याही आधीची धरायची. शेवटच्या बोटीला सगळे एकदम येतात, रांग लागते आणि उभं राहावं लागतं.

खडीसाखर
हे घारापुरीलाही शंभर टक्के लागू. शेवटची लाँच पाच-साडेपाचला असते, आणि चारनंतर धक्क्यावर गर्दी वाढत जाते. तीनला निघा.

सुकाणू
मी तीस वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, आता अलिबागला असतो. अपघाताबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण प्रश्नातली ती ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली.

१८ डिसेंबर २०२४ ला दुपारी नौदलाची एक वेगवान बोट इंजिनाची चाचणी घेत असताना घारापुरीला जाणाऱ्या प्रवासी लाँचवर आदळली. लाँचमध्ये शंभराहून जास्त माणसं होती. १५ जीव गेले. त्यात लाइफ जॅकेट न घातलेले लोक होते, हे वाचलेल्यांनीच सांगितलं. त्यानंतर चढतानाच जॅकेट घालायला लावतात. काही जण बोट सुटली की ते काढून बसायला आसन करतात. तसं करू नका. पूर्ण वेळ अंगात, पट्टे बांधलेले. नातवासाठी लहान मापाचं मागून घ्या. मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाच्या खांद्यांतून वर निसटतं. ते नसेल तर पुढची लाँच धरा, अर्ध्या तासाने काही बिघडत नाही. आईवडिलांना खालच्या डेकवर, बाजूच्या बाकावर बसवा. वर वारा छान असतो, पण शिडी अरुंद आणि उभी असते.

मी माझ्या आईला नेलं असतं का? हो. थंडीतला हा समुद्र शांत असतो, आणि बंदराच्या आतलं पाणी आहे. पावसाळ्यात मात्र नसतं नेलं.

आता एक गोष्ट जी कुणीच बघत नाही. भरती-ओहोटी. गेटवेला ओहोटीच्या वेळी पाणी बरंच खाली जातं, खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, आणि लाँच एकमेकींना लागून उभ्या असतात. एका लाँचमधून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. तरुणांना काही वाटत नाही, तुमच्या वडिलांना तीच खरी अडचण येईल, त्या सव्वाशे पायऱ्यांपेक्षा जास्त.

आमच्याकडचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. द्वितीया म्हणजे दीड वाजता, चतुर्थी म्हणजे तीन वाजता, अष्टमी म्हणजे सहा वाजता. ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. चतुर्थीला गेलात तर सकाळी नऊला नेमकी ओहोटी सापडेल. अष्टमीला भर दुपारी पाणी आटलेलं असेल. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन दिवस धरा. भरती साडेबारा ते दीडच्या मध्ये येते, म्हणजे सकाळी दहाला चढताना पाणी चढतं असतं आणि तीन-चारला उतरतानाही बऱ्यापैकी असतं. शंका असेल तर भरतीचं कोष्टक बघून खात्री करा.

रानजाई
सुकाणूकाका, हे मला कुणीच सांगितलं नसतं. कालनिर्णय काढून बसले. माघ शुद्ध द्वितीयेला मंगळवार आहे! आदल्या दिवशी सोमवार म्हणजे बंदच, त्यामुळे मंगळवार पक्का करतेय. बाबांना तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

पंखपिसारा
जानेवारी म्हणजे कुरव! पांढरे-करडे पक्षी लाँचच्या मागे मागे येतात, हाताच्या अंतरावर. हे हिवाळी पाहुणे. यातले काही थेट लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवरून येतात आणि मार्चनंतर परततात. कृपया त्यांना वेफर, गाठ्या, शेव टाकू नका. लाँचवर पाकिटं विकायला येतात आणि सगळेच टाकतात, पण ते तळलेलं-खारट त्यांच्या पोटासाठी नाही. ते खायला न घालताही येतात. मुलाला दुर्बीण द्या.

चिंचपेटी
एवढं कडक का? मुलांना किती आनंद होतो, दोन वेफरने काय होणार?

पंखपिसारा
एका माणसाचे दोन वेफर नसतात, चिंचपेटी. दिवसाला शेकडो पाकिटं होतात, महिनोन्महिने. मासे पकडायला आलेला पक्षी लाँचच्या मागे भीक मागायला शिकतो, आणि पाकिटं पाण्यात जातात ती वेगळीच. मुलांचा आनंद पक्षी जवळून दिसण्यात असतो, आणि तो तर तसाही मिळतो.

चिंचपेटी
हं. पाकिटांचं पटलं. पुढच्या वेळी नाही टाकणार.

शेतबंदरची_लेक
धागा आज बघितला. मी घारापुरीची, माहेर शेतबंदर. आता उलव्याला असते. चार गोष्टी सांगते.

लोकांना वाटतं बेट म्हणजे लेणी. बेटावर तीन गावं आहेत: राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. तुमची लाँच लागते त्या बाजूला आमच्या शेतबंदराची वस्ती. माझ्या लहानपणी संध्याकाळी जनरेटर सुरू व्हायचा, तीन-साडेतीन तास दिवे, मग बंद. अभ्यास तेवढ्यातच उरकायचा. समोर मुंबई रात्रभर झगमगायची आणि आमच्याकडे कंदील. वीज आली २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळातून केबल टाकून. त्या दिवशी आई फोनवर नुसती रडत होती, तिला बोलताच येईना. पाण्याचं अजूनही उन्हाळ्यात ओढूनताणून असतं, म्हणून बेटावर हात-पाय धुताना नळ वाहता सोडू नका, एवढं मागणं.

पायऱ्यांवर दुकानं मांडणाऱ्या, ताक-काकडी-बोरं विकणाऱ्या बायका आमच्याच गावच्या. बाबांना थकवा आला की कुठल्याही दुकानाशी बसा, कुणी उठवणार नाही. ताक घ्या. जेवायला धक्क्याजवळ आणि पायऱ्यांच्या वाटेवर साधी हॉटेलं आहेत. मासळीचं ताट कुठेही मिळेल. चढताना सांगून ठेवा, उतरेपर्यंत गरम तयार असतं.

डोली घ्यायला लोक संकोचतात, दुसऱ्याच्या खांद्यावर कसं बसायचं म्हणून. माझे काका डोली वाहायचे. त्यांच्या दोन मुली त्या डोलीवर शिकल्या. बसा, आणि घासाघीस फार करू नका. आणि ऐका, गुडघ्याचं दुखणं असेल तर चढताना नाही, उतरताना डोली करा. उतरताना गुडघ्यावर भार येतो.

माकडांना घाबरू नका, पण हातात पाण्याची बाटली आणि वेफरचं पाकीट उघडं ठेवू नका. सगळं पिशवीत, पिशवीची चेन बंद.

रात्री पाहुण्यांना बेटावर राहता येत नाही, तेव्हा त्या आशेने कुणी येऊ नका.

खडीसाखर
हा प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. चार वेळा गेलोय आणि तिथे तीन गावं आहेत हे मला माहीत नव्हतं.

परसदार
मलाही नव्हतं माहीत. आधी जे लिहिलं ते मागे घेत नाही, वयाची काळजी खरीच आहे, पण भरतीचा हिशेब आणि उतरताना डोली या दोन गोष्टींनी माझ्या बऱ्याच शंका मिटल्या. रानजाई, जाऊन आल्यावर नक्की लिहा.

पाऊलवाट
डोंबिवलीहून येताना: सीएसएमटीला उतरून टॅक्सी सोपी पडेल. कुणी मेट्रो-३ ने येत असेल तर हुतात्मा चौक स्टेशनवरून पंधरा-वीस मिनिटं चालत गेटवे. आणि स्वच्छतागृहाचं आधी उरकून घ्या, लाँचमध्ये त्या सोयीचा भरवसा नाही.

चिंचपेटी
एलिफंटा नाव ज्यावरून पडलं तो हत्ती कुठाय? मुलगा विचारेल.

कातळवेडा
बेटावर नाही. उतरायच्या जुन्या जागेजवळ दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी ते नाव दिलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना साखळ्या तुटून तो फुटला. पुढे तुकडे जोडले, आणि आता तो भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. आधी भायखळ्याला हत्ती दाखवा आणि मग बेट, मुलाला गोष्ट पूर्ण मिळेल. आत गाभाऱ्याच्या चार दारांशी आठ द्वारपाल आहेत, ते त्याला मोजायला सांगा. शिल्पांच्या कडेकडेने बुटके गण लपलेत, ते शोधायला अर्धा तास पुरत नाही.

सुकाणू
लाँचमधून उत्तरेकडे बघा, अटल सेतू दिसेल. वाटेत जवाहर द्वीप, तिथे तेलवाहू जहाजं लागलेली असतात. समोर न्हावा-शेव्याच्या क्रेन. मुलाला जहाजं ओळखायला शिकवा, हा तासही कमी पडेल.

रानजाई
मंडळी, जाऊन आलो! परवा, मंगळवारी. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

दहाच्या लाँचला गेटवेवर पोचलो. पाणी चढतं होतं, पायऱ्या जवळजवळ कोरड्या. तरी दोन लाँच ओलांडाव्या लागल्याच. खलाशांनी बाबांना दोन्ही दंडांना धरून असं नेलं की काठी मला हातात घ्यावी लागली. जॅकेट सगळ्यांनी शेवटपर्यंत घातलं. लहान मापाचं मागितलं तर कुठून तरी शोधून आणून दिलं. बाबा पहिली पाच मिनिटं कठड्याला घट्ट धरून होते. मग कुरव आले. बाबांनी कठडा सोडला आणि मुलाच्या हातातली दुर्बीण मागून घेतली, ती परत दिलीच नाही. आम्ही काही टाकलं नाही, पक्षी तरी आलेच. शेजारच्या कुटुंबाला मुलाने स्वतःहून सांगितलं की वेफर देऊ नका, आणि त्यांनी पाकीट पर्समध्ये ठेवून दिलं.

झुकझुकगाडीत बाबा आणि नातू. पायऱ्या बाबा चालतच चढले, डोलीला ठाम नकार. चाळीस मिनिटं लागली, तीनदा बसलो. दुसऱ्यांदा बसलो तिथल्या मावशी शेतबंदरच्या निघाल्या. त्यांनी ताकाचे पैसे घेतले पण वर मूठभर बोरं मुलाच्या खिशात कोंबली. माकडाने मुलाची टोपी पळवली, पिशवी बंद होती म्हणून टोपीवर भागलं.

आणि आई. आत शिरल्यावर ती थांबली. मी पुढे चालले होते, वळून बघितलं तर ती दारातल्या पहिल्या खांबाला हात लावून उभी. म्हणाली, ‘थांब, दिसू दे मले.’ तुमची दहा मिनिटं आठवली कातळवेडा, मी गप्प राहिले. मग ती खांबांच्या रांगेतून सरळ चालत गेली आणि मूर्तीपासून पंधरा-वीस फुटांवर जमिनीवर बसली. एकोणतीस वर्षं शिकवलेला चेहरा. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘फोटोत खालचा ओठ इतका भरलेला नाही दिसत. मी पोरांना चुकीची सावली काढायला लावली.’ पिशवीतून वही काढली, तीन पेन्सिली काढल्या, आणि एक तास दहा मिनिटं चित्र काढत बसली.

तेवढ्या वेळात उजेड खरंच सरकला. आधी डावीकडचा अघोर जास्त स्पष्ट होता, निघेपर्यंत उजवीकडच्या वामदेवाच्या गालावर आणि कमळावर उजेड आला. आईने ते वहीत दोन वेगळ्या पानांवर काढलंय. येणारेजाणारे तिच्या मागे उभे राहून बघायचे, एका शाळकरी मुलीने शेजारी बसून स्वतःच्या वहीत काढायला सुरुवात केली, आणि आई तिला शिकवू लागली. कपाळापासून नको, आधी मानेचा गोल काढ, असं. पोरगी अकोल्याची होती, शाळेच्या सहलीला आलेली. त्यांच्या बाईंनी तिला हाक मारली तेव्हा ती उठायला तयार नव्हती.

मुलाने आठही द्वारपाल मोजले आणि सतरा गण शोधले. बाबा पूर्वेच्या अंगणात पायरीवर बसून एका डोलीवाल्या काकांशी गप्पा मारत होते. उतरताना त्यांच्याच डोलीत बसले. खाली आल्यावर म्हणाले, ‘हे आधी सांगितलं असतं तर वरही बसलो असतो.’ सांगितलं होतं! जेवण धक्क्याजवळ, बांगडा, सोलकढी, भाकरी. तीनची लाँच धरली, बसायला जागा मिळाली. दुसऱ्या टेकडीवरचा स्तूप आणि वरच्या तोफा राहिल्या, त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

कातळवेडा
मानेचा गोल आधी. मी पंधरा वर्षं ती मूर्ती बघतोय, आणि तो मधला चेहरा इतका स्थिर का वाटतो याचं उत्तर मला आज आईंकडून मिळालं. शक्य असेल आणि त्यांची हरकत नसेल तर ती दोन पानं इथे दाखवाल का?

रानजाई
विचारलं. म्हणाली, अजून पूर्ण झाली नाहीत. तिसरं पान तिला संध्याकाळच्या उजेडातलं हवंय. परतीचं तिकीट आठ दिवसांनी पुढे ढकललंय.

सुकाणू
मग आता संध्याकाळी चार-पाचला भरती हवी. पाऊणपटीने षष्ठी किंवा सप्तमी येते. जाताना मात्र सकाळी ओहोटी असणार, तेव्हा नऊ-साडेनऊऐवजी बाराची लाँच धरा, म्हणजे पाणी थोडं वर आलेलं असेल. आणि शेवटच्या लाँचसाठी पाच वाजता धक्क्यावर हजर.

परसदार
मी पुढच्या आठवड्यात माझ्या आईला नेतोय. ती ८० ची आहे, चढतानाही डोली, उतरतानाही डोली. शेतबंदरची_लेक, बोरं अजून मिळतील का? तिला फार आवडतात.

शेतबंदरची_लेक
मिळतील. महाशिवरात्रीपर्यंत तर नक्की असतात. त्या दिवशी उरण-न्हाव्याकडून सगळे होड्यांनी दर्शनाला येतात, तेव्हा बोरांचे ढीगच लागतात. आईंना मऊ निवडून द्यायला सांगा, दुकानातल्या बायका देतील.